वक्ता क्रमांक तीन

"आणि हा आवाज कोणाचा?"

"संस्थेचा."

"संस्थेला घसा असतो?"

पराग खटावकर बॅगेत पत्र शोधू लागला. पहाटे पुणं सोडून तो दुपारी रत्नागिरीला उतरला होता, आणि तिथून खाडीकाठच्या या गावात आला होता. ज्या माणसाने आपलं काम तीनदा परत पाठवलं, त्याचं तोंड एकदा बघायचं, एवढ्याचसाठी.

तोंड साधंच होतं. पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा.

इस्माईल होडेकर मास्तर. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. लिनक्सवर चालणाऱ्या एका मुक्त संगणक-प्रणालीचं मोठं भांडार आहे. त्यात गेलेलं सॉफ्टवेअर जगात कोणीही घ्यावं, वापरावं, उघडून बघावं, बदलावं आणि पुढे द्यावं, असा तिथला नियम. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक फाइलला दारातच अडवून विचारतात : तू कोणाची? तुला कोणी सोडलं?

अठरा वर्षं हे विचारण्याचं काम मास्तर करत होते.

परागने अंधांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. पडद्यावरचा मजकूर ते मराठीत वाचून दाखवायचं. नाव ‘उच्चार’. पहिल्यांदा ते परत आलं, कारण आतल्या एका चित्राचा मालक सापडत नव्हता. दुसऱ्यांदा आलं, कारण कुठल्याशा कोपऱ्यातल्या फाइलीत ‘व्यापारी वापरास मनाई’ असं लिहिलेलं निघालं. तिसऱ्यांदा मास्तरांनी दोनच शब्द लिहिले होते. आवाज कोणाचा?

"हे बघा," पराग म्हणाला. "रेकॉर्डिंग करणाऱ्या भाषा-संस्थेचं पत्र. मुक्त वापरास परवानगी. सही आहे, शिक्का आहे."

मास्तरांनी पत्र खिडकीकडे धरून वाचलं. उलटंही बघितलं.

"पत्र खरं आहे."

"मग?"

"संस्थेने तुला दिलं. संस्थेला कोणी दिलं?"

"रेकॉर्डिंग त्यांनी केलंय. कायद्याने ते त्यांचं."

"असेल."

"मग तुम्ही कायद्याच्या वर आहात?"

मास्तरांनी दोन कपांत कोरा चहा ओतला. एक त्याच्यापुढे सरकवला.

परागने कपाला हात लावला नाही. निघताना ‘उच्चार’च्या गटातल्या दोघांनी त्याला सांगितलं होतं, म्हातारा संशयी आहे. तिसऱ्याने आणखी काही सांगितलं होतं. भांडारात आधीपासून मजकूर यंत्राच्या आवाजात वाचून दाखवणारा असाच एक मराठी वाचक आहे, आणि तो म्हाताऱ्याच्याच जुन्या विद्यार्थ्याने केलेला आहे.

"स्पष्ट विचारतो, मास्तर. माझं आत आलं तर तुमच्या विद्यार्थ्याचं कोणी वापरणार नाही. म्हणून अडवताय?"

"त्याचं मी चार वेळा परत पाठवलं होतं."

"हे तुम्ही म्हणता."

"हो. हे मी म्हणतो. तपासून बघ."

परागने विषय सोडला. मग म्हणाला, "येत्या रविवारी भांडाराचं दार बंद होणार. त्यानंतर दोन वर्षं नवीन काही आत घेत नाहीत. मिरजेकडच्या एका अंधशाळेत जूनमध्ये तीस संगणक बसतायत. भांडारात असेल तेवढंच त्यांवर जाणार. आज सोमवार आहे, मास्तर."

"आवाजाच्या फाइली किती?"

"बाराशे. बाराशे वाक्यं. त्यांवरूनच यंत्र आवाज शिकतं."

"ऐकलीस?"

"यंत्राने ऐकली."

"तू?"

"...पहिली पाच-सहा."

मास्तरांनी आपला जुना लॅपटॉप जवळ ओढला आणि एक फाइल लावली. चारशे बारावी. बाईचा आवाज, स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन ठेवल्यासारखा : "आंब्याच्या झाडाखाली गुरं बसली होती."

वाक्य संपलं. परागने मान वर केली. फाइल अजून चालूच होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग तीच बाई, हळू आवाजात : "अहो, हे कशासाठी आहे म्हणालात?"

पुढे काही नव्हतं. कोणीतरी तिथेच बटण दाबलं होतं.

"नाव काय यांचं?" मास्तरांनी विचारलं.

"यादीत नाव नाही. वक्ता क्रमांक तीन."

"पहिल्या फाइलीच्याही आधी एक आहे. माइक तपासल्याची. तुझ्या यंत्राने टाकून दिली असेल."

त्यांनी ती लावली. "हॅलो... हॅलो... मी कुमुदिनी हेगिष्टे, देवरुख. येतंय का ऐकू?"

परागने बॅग उचलली.

"देवरुखला गाडी किती वाजता?" त्याने विचारलं.

*

मंगळवारी सकाळी देवरुखच्या स्टँडवर पत्ता विचारावा लागला नाही. नाव घेतल्याबरोबर खिडकीतला माणूस हसला. "हेगिष्टे बाई? अहो, याच खुर्चीत बसून वीस वर्षं गाड्या पुकारल्या त्यांनी. लोक त्यांच्या आवाजावर घड्याळ लावायचे."

बाई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. बोटं लाल झालेली. त्यांनी परागला पडवीतही घेतलं नाही.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. म्हणजे... एका मास्तरांनी."

"कुठले मास्तर?"

त्याने सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या, पण नजर त्याच्या बॅगेवर होती.

"आले होते संस्थेचे लोक," त्या म्हणाल्या. "दहाबारा वर्षं झाली. भाषेच्या अभ्यासासाठी म्हणाले. तीन दिवस वाचून घेतलं, शाल-श्रीफळ दिलं आणि गेले. त्याचं काय आता?"

"तुमचा आवाज आता काहीही वाचू शकतो, काकू. तुम्ही न वाचलेलंही."

"म्हणजे?"

"काहीही सांगा. ते बोलेल."

बाईंनी त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. मग खोटं पाडायचं म्हणून म्हणाल्या, "बरं. म्हणायला लाव, देवरुख–साखरपा गाडी आज रद्द करण्यात आली आहे."

परागने ती ओळ टाइप केली. लॅपटॉप बोलला. तोच आवाज, तोच थांबा, ‘रद्द’वरचा तोच किंचित जोर.

कुंपणापलीकडून एका म्हाताऱ्याने मान वर काढली. "काय हो बाई, साखरप्याची रद्द झाली? आता माझं कसं?"

"नाही हो नाना, आहे गाडी! आहे!" बाई ओरडल्या.

"आत्ताच तर म्हणालात रद्द म्हणून."

"मी नाही म्हटलं!"

नाना गोंधळून आत गेले. बाई पडवीच्या पायरीवर बसल्या. हात पदराला पुसले आणि पदर लाल झाल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या.

त्याने बंद केलं. मग तो त्यांना त्या शाळेबद्दल सांगत राहिला. मुलांबद्दल, पुस्तकांबद्दल. आत्ता ती मुलं यंत्राच्या आवाजात ऐकतात, तो पत्र्यावर खडे पडल्यासारखा वाजतो, हेही सांगितलं. बाईंचा चेहरा हळूहळू निवळला. शेवटी त्यांनी कागद मागितला आणि मोठ्या वळणदार अक्षरात लिहून दिलं : माझा आवाज कोणीही वापरावा, बदलावा, इतरांना द्यावा. माझी काही हरकत नाही.

पेन खाली ठेवता ठेवता त्या थांबल्या. खाली आणखी एक ओळ लिहिली. फक्त खोटं बोलायला आणि वाईट कामाला वापरू नये.

आणि शेजारी सही केली.

ती ओळ परागच्या नजरेत लगेच भरली. असल्या ओळींचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. पण इतक्या भल्या ओळीला कोण अडवणार, असं त्याने स्वतःला सांगितलं, कागद नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि परतीची गाडी पकडली.

*

मास्तरांनी कागद दोनदा वाचला.

"बाई भल्या आहेत."

"आहेतच. मग घेताय ना?"

"नाही."

"का?"

मास्तरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"खोटं बोलू नये, वाईट करू नये! यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही."

"मग?"

"वाईट कशाला म्हणायचं, हे कोण ठरवणार? तू?"

परागने खांदे उडवले.

"मी? सरकार? की बाईंच्या मागे त्यांचा पुतण्या?" मास्तर म्हणाले. "शाळेत नाटकातल्या राक्षसाचं बोलणं वाचायचं असेल, तर तो मास्तर आधी कोणाला विचारणार? आपल्या दारातून जे बाहेर जातं त्याच्या पाठीवर कोणी बसलेलं नसतं. चांगला माणूससुद्धा नाही."

"म्हणजे चोरालाही द्यायचं?"

"चोराला पकडायला कायदा आहे. आपण परवानगी तपासतो, माणसं नाही."

"हे फार सोयीचं आहे, मास्तर. तुम्हाला कधी कोणाच्या अंगणात बसून हे सांगावं लागत नाही."

मास्तरांची नजर कागदावरून खिडकीकडे गेली.

"मला वाटतं तुम्हाला ते आत घ्यायचंच नाही," पराग म्हणाला. आवाज चढला होता. "आधी चित्र, मग फाइल, मग सही. सही आणली तर ओळ. उद्या ओळ नसली तर शाईचा रंग काढाल."

मास्तरांनी कागद उचलला. शेवटच्या ओळीच्या बरोबर वर घडी घातली, नखाने दाबली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. सही ओळीच्या शेजारून वर गेलेली होती, तिचा वरचा अर्धा भाग घडीच्या वर दिसत होता.

"आता वाच."

परागने वाचलं. माझा आवाज कोणीही वापरावा, बदलावा, इतरांना द्यावा. माझी काही हरकत नाही. आणि अर्धी सही.

"आता चालेल," मास्तर म्हणाले.

"...तुम्ही सांगताय हे?"

"मी काही सांगत नाही. घडी घातली."

परागला वाटलं हा सापळा आहे. मग वाटलं, सापळा नसेल तर? म्हातारा खरोखरच वाट काढून देत असेल तर? त्याने मास्तरांच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. भिंगांवर खिडकी चमकत होती, पलीकडचं काही दिसेना.

त्याने कागद उचलला आणि बाहेर पडला.

धक्क्यावर होड्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. तो त्यांतल्या एकीवर बसला. फोन काढला, घडीचा कागद गुडघ्यावर ठेवला आणि फोटो काढला. फोटो चांगला आला. पाठवायला एक बोट पुरे होतं.

...

तीस संगणक. दोन वर्षं.

त्याला नानांची मान आठवली, कुंपणावरून वर आलेली. ‘आत्ताच तर म्हणालात.’

त्याने फोटो पुसला आणि घडी उलगडली.

*

"ती ओळ चालत नाही, काकू," दुसऱ्या दिवशी तो पडवीच्या पायरीशी उभा राहून म्हणाला. "ओळ असेल तर आवाज घेत नाहीत. ओळ काढली तर तुमच्या आवाजात कोणीही काहीही बोलू शकेल. आणि मला त्याला अडवता येणार नाही."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल मला..." तो थांबला. "माहीत होतं. सांगितलं नाही."

बाई आमसुलं परतत होत्या. हात थांबले नाहीत.

"ओळ काढून टाकायची होतीस. मला काय कळणार होतं?"

"काही कळलं नसतं."

"मग आलास कशाला?"

त्याने पिशवीतला कागद काढून पायरीवर ठेवला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग नजर अंगणापलीकडे गेली.

"वाईट वाटतं रे त्या मुलांचं," त्या म्हणाल्या. "पण नाही. मी पुकारलं की माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. वीस वर्षांत कधी कोणाला चुकीच्या गाडीत बसवलं नाही. आता शेवटाला ते नको."

"बरं."

"तुझ्याकडचं काढून टाक. माझ्यासमोर."

त्याने काढलं.

"आणखी कुठे ठेवलं नाहीस ना?"

"पुण्याच्या संगणकावर आहे. घरी गेल्यावर काढतो."

"मला कसं कळणार?"

"नाही कळणार."

बाईंनी मान हलवली. "हे तरी सरळ बोललास. संस्थेचा पत्ता लिहून दे. त्यांना मी लिहिते."

त्याने पत्ता लिहून दिला. या खेपेला बाईंनी त्याला पडवीत बसवून कोकम सरबत दिलं.

*

"नाही म्हणाल्या," त्याने मास्तरांना सांगितलं.

"बरं."

"एवढंच? बरं?"

"त्यांचा होता. नाही म्हणाल्या."

"मुलांचं काय पण?"

मास्तरांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांचे डोळे नीट दिसले. थकलेले होते.

"बुधवार आहे," ते म्हणाले. "तूही बोलतोस की."

परागला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला. मग हसू थांबलं.

"मी? माझा आवाज नाकातून येतो."

"येऊ दे."

"माझी कंपनी... त्यांना विचारावं लागेल. आणि उद्या माझ्या आवाजात कोणी आईला फोन केला, की अपघात झालाय, अमुक कर, तमुक कर... ती तर लगेच..."

तो उठून खिडकीशी गेला.

मास्तर ऐकत होते. मशिदीतून असरच्या, दिवस कलतानाच्या नमाजाची बांग झाली तसे ते उठले. टेबलावर एक कोरा कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं, टोपी घातली आणि निघून गेले.

पराग एकटा राहिला. आपण हा कागद आजवर किती जणांकडे मागितला, ते त्याने मोजून पाहिलं. चित्र काढणारी एक मुलगी, शब्दांची यादी करणारे एक प्राध्यापक, आणखी पाचसहा जण. ‘फक्त एक सही लागेल,’ असं तो प्रत्येकाला म्हणाला होता. कोणाचं पेन कागदावर किती वेळ थांबलं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

त्याने आईला फोन केला. "आई, आपण दोघांनी एक खुणेचा शब्द ठरवू. मी कधी फोनवर घाईचं काही सांगितलं, तर आधी तो विचारायचा. मी असलो तरी."

"कसला शब्द? काय झालंय तुला? कुठे आहेस?" आई घाबरली होती. दहा मिनिटं समजूत घालावी लागली. शेवटी शब्द ठरला. मग कंपनीतल्या साहेबांनाही फोन केला; आवाज तुझाच, आमचं काही नाही, असं ते म्हणाले.

मास्तर परत आले तेव्हा कागदावर चार ओळी होत्या. खाली पूर्ण नाव, पूर्ण सही. अट एकही नव्हती. एका जागी मात्र ‘कोणीही’ या शब्दानंतर शाईचा ठिपका पडून पसरला होता.

मास्तरांनी त्या ठिपक्याकडे पाहिलं. कागद जपून फाइलीत ठेवला.

बुधवारची संध्याकाळ, गुरुवार आणि शुक्रवार दुपारपर्यंत पराग मास्तरांच्या मागच्या खोलीत वाक्यं वाचत बसला. बाहेर कोंबडं ओरडलं की थांबायचं आणि पुन्हा वाचायचं. घसा बसला की मास्तरांच्या सूनबाई आल्याचा काढा आणून ठेवायच्या. मग पुढचा एक दिवस यंत्र ती वाक्यं पचवत बसलं. शनिवारी संध्याकाळी ‘उच्चार’ चौथ्यांदा दारात आलं. मास्तरांनी रविवारी सकाळी एकेक फाइल पुन्हा उघडली, परागच्या देखतच, आणि दुपारी त्यापुढे लिहिलं : हरकत नाही.

पुढे जूनमध्ये त्या शाळेतल्या मुलांनी या आवाजाला ‘सर्दीवाला दादा’ असं नाव ठेवलं, आणि ती भूगोलाचं पुस्तक त्याच्याकडूनच वाचून घ्यायला लागली.

पण रविवारी दुपारी हे कोणाला माहीत नव्हतं. पराग बॅग भरून ओटीवर आला होता. गाडीला अर्धा तास होता. इतक्या दिवसांनी मनासारखं झालं होतं, तरी त्याच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

"मास्तर, एक विचारू?"

"विचार."

"तो तुमचा विद्यार्थी. त्याच्या वाचकाला यंत्राचा आवाज आहे. त्यालाही माणसाचा हवा असणार."

"हवा होता."

"मग तो कोणाकडे गेला?"

मास्तर खाडीकडे बघत होते.

"तुमच्याकडेच आला असणार," पराग म्हणाला. "तुमचे उच्चार इतके स्वच्छ आहेत. तीस वर्षं वर्गात शिकवलंय. त्याने तुमचाच मागितला असणार."

"मागितला."

"...मग?"

भरती लागली होती. धक्क्यावर कोणीतरी होडी पाण्यात लोटत होतं.

"मी घाबरलो," मास्तर म्हणाले.